सांबार कुणाचं?

प्रश्न : सांबार हे नाव छत्रपती संभाजी महाराजांवरून पडलं, असं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखं फिरतं. तंजावरच्या शहाजीराजांकडे आमसुलं संपली म्हणून आमटीत चिंच घातली, पाहुणे आलेल्या महाराजांना ती आवडली, वगैरे. खरं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गोष्ट झकास आहे, पण मला काही पटत नाही. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, ते १८५५ पर्यंत टिकलं. शहाजीराजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, म्हणजे महाराजांचे चुलतभाऊ, हेही बरोबर. पण ते गादीवर आले १६८४ मध्ये आणि १६८९ मध्ये महाराजांची हत्या झाली. मधल्या काळात औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला. त्या धामधुमीत ही पंगत बसवायची कुठे? शिवाय चिंचेचं एवढं अप्रूप कशाला? चिंच-गुळाची आमटी आपल्या घराघरांत होते.

मी विदर्भातली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात नवी असताना भाजीवाल्याकडे मी दोन जुड्या सांबार मागितला, तर त्याने कोपऱ्यावरच्या उडप्याकडे बोट दाखवलं! नागपूरची सांबारवडी खाऊन बघा : बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस ठासून भरलेली, सोबत कढी. गुजरातेत फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो येतो. केरळात संभारम म्हणजे आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता घातलेलं ताक. या तिन्हींत तुरीच्या डाळीचा दाणा नाही.

मग समान काय? संस्कृतातला ‘संभार’, म्हणजे जमवलेलं साहित्य. केशसंभार, ग्रंथसंभार यांतला तोच. स्वयंपाकघरात शिरल्यावर तो चवीसाठी जमवलेल्या जिनसांना चिकटला : कुठे मसाला, कुठे फोडणी, आमच्याकडे थेट कोथिंबीर. तमिळमध्ये ‘संबारम’ हा शब्द मसाल्याच्या साहित्यासाठी आहेच. तो मसाला ज्या डाळीत पडला, ती डाळ सांबार झाली. माझा कौल या व्युत्पत्तीला.

आपल्या आमटीचंही तसंच. डाळ कितीही घाला, नाव आंबटावरून. आंबट काढलं, की तिला कुणी आमटी म्हणत नाही, मुकाट्याने वरण म्हणतात.