दोन कंपन्यांचं इंटरनेट घेऊनही दोन्ही एकदमच का बंद पडतं?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागेत राहतो. घरून काम आहे म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं ब्रॉडबँड घेतलंय. तरी लाइन गेली की दोन्ही एकदमच जाते. असं कसं? आणि हे गावातले इंटरनेटवाले एकमेकांना सांभाळून का घेत नाहीत?

उत्तर:

कंपन्या दोन असल्या तरी चर एकच असतो, म्हणून.

मी सांगलीतच एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे चौदा वर्षं काम करतोय. सुरुवात खांबावर चढून वायर ओढण्यापासून केली, आता राउटर बघतो. तुमच्या घरात आलेल्या दोन वायरी वेगळ्या दिसतात, बिलं वेगळी, मॉडेमचे रंगसुद्धा वेगळे. पण गावाबाहेर पडताना त्या एकाच रस्त्याच्या कडेनं, पुष्कळदा एकमेकींना चिकटूनच जातात. खोदाईची परवानगी एकाच कडेला मिळते, मग सगळे तिथंच पाइप टाकतात. जेसीबीच्या दातांना कंपनी कळत नाही.

२०१८च्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी अडीचला सगळे लाल दिवे. ओटीडीआर लावला. हे यंत्र तारेत उजेड सोडतं आणि तो जिथून परत फिरतो त्यावरून तुटलेली जागा किती लांब आहे ते सांगतं. आकडा आला १७.८ किलोमीटर, म्हणजे आष्ट्याच्या अलीकडं कुठंतरी. गाडी काढून गेलो तर पाण्याच्या पाइपलाइनसाठी कंबरभर खड्डा खणलेला, नारंगी पाइप फाटून वर आलेला आणि त्या खड्ड्यात आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा पोरगा मांडीवर स्प्लायसिंग मशिन, म्हणजे तुटलेलं फायबर सांधायचं यंत्र, घेऊन आधीच बसलेला. त्याच्या सांध्यावर घालायच्या स्लीव्ह संपल्या होत्या, आमच्या मशिनची बॅटरी बसली होती. आम्ही स्लीव्ह दिल्या, त्यानं त्याच्या जनरेटरवर आमचं मशिन लावू दिलं. तीन तास एकाच छत्रीखाली काढले. तेवढ्या वेळात आमच्या ऑफिसातला मुलगा ग्राहकाला फोनवर सांगत होता, “त्यांची लाइन नेहमीच जाते, आमची आजच गेली.” तिकडं त्यांच्या ऑफिसातही हेच चाललं असणार.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की खड्ड्यात मदत नेहमीच होते. अडतं ते मालकांच्या केबिनमध्ये. आपण वाट दिली तर हा आपली गिऱ्हाइकं ओढेल, ही भीती.

आमच्याकडं ती भीती २०१९च्या पुरानं घालवली. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज करा. आमचं ओएलटी, म्हणजे ज्यातून शेकडो घरांना फायबर निघते ते मशिन, मारुती चौकाजवळ होतं. पाणी चढतंय म्हटल्यावर रात्री ते उचलून टेम्पोत घातलं. पण न्यायचं कुठं? आमच्या मालकांनी शेवटी त्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या मालकांनाच फोन लावला. त्यांचं ऑफिस उंचावर, कोरडं, जनरेटर चालू. त्यांनी रॅकमध्ये जागा दिली, वीज दिली, पैशाचं नावही काढलं नाही. पुराबाहेरच्या भागातली आमची घरं दुसऱ्या दिवशी दुपारी परत चालू झाली.

पाणी उतरल्यावर दोघं मालक पहिल्यांदा समोरासमोर बसले. तोवर दोघांचीही बाहेर जायची वाट एकच होती, आष्ट्यावरून पेठ नाका आणि तिथून महामार्गानं पुणे. दुसरी वाट एकट्याला परवडत नव्हती. ठरलं ते असं: आम्ही जयसिंगपूरवरून कोल्हापूरची वाट भाड्यानं घ्यायची, त्यांनी मिरजेवरून सोलापूरची, आणि शहरात दोन्ही ऑफिसांच्या मध्ये फायबरचे दोन कोअर, म्हणजे काचेचे दोन धागे, टाकून एकमेकांना जोडायचं. अंतर एक किलोमीटरही नाही. वाट एकेकच घेतली, पण बाहेर पडायला दोघांनाही तीन दिशा मिळाल्या. दोन परवानाधारक इंटरनेटवाल्यांनी अशी थेट जोडणी करायला परवान्यातच मुभा आहे, त्यामुळे लपवाछपवीचं काही नाही.

तार जोडली की काम झालं असं मात्र नाही. इंटरनेटवर यंत्रांना क्रमांकाचे पत्ते असतात, आणि प्रत्येक नेटवर्क शेजारच्या नेटवर्कला सांगत असतं, “हे हे पत्ते माझ्याकडून गाठता येतात.” या बोलण्याची जी पद्धत आहे तिला बीजीपी म्हणतात आणि ती मुळात विश्वासावर चालते. शेजाऱ्यानं सांगितलं की खरं मानायचं.

या विश्वासाची किंमत आम्हाला पहिल्याच महिन्यात कळली, आणि चूक आमची होती. रोजच्या दिवसांत आम्ही त्यांना फक्त आमच्या ग्राहकांचे पत्ते सांगायचे, असं ठरलं होतं. मी फिल्टर लावायचा विसरलो. त्यामुळे आम्हाला इंटरनेट देणाऱ्या मोठ्या पुरवठादाराकडून आलेले अख्ख्या जगाचे पत्ते आम्ही त्यांना सांगून मोकळे झालो. त्यांच्या राउटरच्या दृष्टीनं शेजाऱ्याची वाट फुकटची, त्यामुळे पसंतीत पहिली. संध्याकाळी साडेसातला, क्रिकेटच्या मॅचच्या वेळी, त्यांचा सगळा ट्रॅफिक त्या एवढ्याशा जोडणीत घुसला. अर्धा तास दोन्हीकडं गोल चक्र फिरत राहिलं. त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला, “दादा, तुम्ही आम्हाला जग दान केलंय काय?”

हेच मोठ्या प्रमाणावर झालं तर काय होतं ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांच्या गटातल्या २५६ पत्त्यांची एक वाट स्वतःकडं वळवली आणि ती चुकून बाहेरच्या जगालाही सांगितली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीनं ती न तपासता पुढं पाठवली. राउटरचा नियम असा की ज्याचा गट लहान, म्हणजे पत्ता जास्त नेमका, त्याचं ऐकायचं. दोन-सव्वादोन तास जगभरातलं यूट्यूब पाकिस्तानच्या दारात जाऊन आपटत होतं.

यावर आता दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकट्यानं करून भागत नाहीत. पहिला आरपीकेआय. याला मी पत्त्यांचा सातबारा म्हणतो: हे पत्ते कोणत्या नेटवर्कनं जाहीर करायचे, याची सही-शिक्क्याची डिजिटल नोंद. भारतात इंटरनेटचे पत्ते आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था वाटते, तिच्याकडून ही नोंद करून घेता येते. पण गावात कुणी सातबारा बघतच नसेल तर तो काढून काय उपयोग? समोरच्यांनीही तपासायला हवा. शिवाय आमच्यासारखी चूक सातबाऱ्यात सापडत नाही, कारण त्यात मालकाचं नाव बरोबरच होतं, फक्त वाट भलतीकडून गेली. तिथं दुसरा उपाय, म्हणजे फिल्टरच लागतो. आणि एक मर्यादाही घालायची, की ठरल्यापेक्षा जास्त पत्ते आले तर जोडणी आपोआप बंद. त्या रात्रीनंतर आम्ही दोन्ही बाजूंनी हे केलं. अशा साध्या शिस्तीची यादी मॅनर्स या नावानं २०१४ पासून आहे, जगभरातली नेटवर्कं ती स्वखुशीनं पाळतात. त्यातलं एक कलम मला फार आवडतं: आपला संपर्क क्रमांक सगळ्यांना सापडेल असा आणि ताजा ठेवा. फोन कुणाला करायचा तेच माहीत नसेल तर बाकी सगळं वाया.

एक बारकी गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. आमची वाट तुटली आणि आमचे पत्ते त्यांच्या पुरवठादारामार्फत जगाला सांगायचे असतील, तर तो पुरवठादार आमचं संमतिपत्र मागतो. ते आधीच देऊन, तपासून ठेवावं लागतं. रात्री दोन वाजता लेटरहेडवर सही कुठून आणणार? आम्ही दर तीन महिन्यांनी एकदा पहाटे मुद्दाम आपली वाट बंद करून बघतो. पहिल्या दोन्ही वेळी काही ना काही अडलंच.

त्या शहरातल्या जोडणीचा अजून एक फायदा. एरवी विश्रामबागेतून गणपती पेठेत पाठवलेली फाइल, कंपन्या वेगळ्या असल्या तर, मुंबईला जाऊन परत येते. मुंबई पावणेचारशे-एक किलोमीटर, उजेडाला काचेतून तिथं जायला दोन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वेळेचं काही नाही. पण वाटेत कुठं तुटलं तर शेजारी शेजाऱ्याला मुकतो. देशातला ट्रॅफिक इंटरनेट कंपन्यांनी देशातच एकमेकांना द्यावा-घ्यावा म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली. आमची ही जोडणी म्हणजे तोच प्रकार, खेळण्यातला.

सगळ्यांना हे जमेल असं मात्र समजू नका. गावातले बरेच केबलवाले मोठ्या कंपनीचे फ्रँचायझी असतात, त्यांच्या हातात राउटिंग, म्हणजे ट्रॅफिक कुठल्या वाटेनं न्यायचा ते ठरवणं, नसतं. ते फार तर खांब आणि कोअर वाटून घेऊ शकतात. खोदाईचं म्हणाल तर मार्च २०२३ मध्ये केंद्रानं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे, खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायचं ॲप काढलं. तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं की देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा केबल तुटते आणि ३,००० कोटींचं नुकसान होतं. ॲप चांगलं आहे. फक्त जेसीबी चालवणाऱ्याच्या फोनमध्ये ते असायला हवं. आम्ही तालुक्यातल्या जेसीबीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, त्याचा उपयोग जास्त होतो.

आता तुमच्या घराचं. दोन्ही कंपन्यांना स्पीड विचारू नका, “तुमची लाइन सांगलीबाहेर कुठून पडते, आष्ट्याकडून की मिरजेकडून?” एवढंच विचारा. कॉल सेंटरला हे सांगता येणार नाही, लाइन जोडायला येणाऱ्या पोराला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. दोघांचं उत्तर एकच आलं तर त्यातलं एक सोडा आणि वेगळ्या दिशेचं घ्या. मोबाइलचं सिम राखीव ठेवणार असाल तर तेही याच पद्धतीनं बघा, कारण पुष्कळ टॉवरसुद्धा शेवटी त्याच चरातल्या फायबरवर असतात. आणि मॉडेमला एक छोटा यूपीएस लावा. निम्म्या वेळा गेलेली असते ती लाइट.