हाउसिंगवर बाहेरून लेन्स बसवताना

प्रश्न : माझ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या हाउसिंगवर (पाण्याखाली वापरायच्या जलरोधक कवचावर) वाइड लेन्स बसवायची आहे, पण पोर्टला (हाउसिंगच्या पुढच्या काचेच्या खिडकीला) आटे नाहीत. मालवणच्या गढूळ पाण्यात तिचा उपयोग होईल का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : नक्की होईल. सपाट काचेच्या पोर्टमधून पाण्यात पाहताना वक्रीभवनामुळे दृश्य सुमारे एकतृतीयांशाने मोठे दिसते आणि चौकट आक्रसते. पाण्यासाठीच बनवलेली वाइड लेन्स ती पुन्हा रुंदावते, त्यामुळे माशाच्या अगदी जवळ जाता येते आणि मधले गढूळ पाणी कमी होते. मालवणात खरा लाभ हाच आहे.

पोर्टला आटे नसतील, तर आपल्याच मॉडेलच्या हाउसिंगसाठी बनवलेला, ६७ मिलिमीटर आट्यांचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. ‘जवळपास बसतो’ म्हणून दुसरा चालवून घेऊ नये. लेन्स आणि पोर्ट यांच्यामध्ये पाणी भरलेले असणेच अपेक्षित आहे, म्हणून पाण्यात उतरल्यावर लेन्स किंचित सैल करावी, आत अडकलेले बुडबुडे बोटाने हुसकावावेत आणि मगच ती घट्ट करावी, कारण राहिलेला एक बुडबुडाही चित्रात धूसर डाग पाडतो. कोपरे काळे आले, तर झूम थोडा वाढवावा. लेन्स दोरीने हाउसिंगला अवश्य बांधावी.