काखेतला इलेक्ट्रॉन

प्रश्न असा आला आहे: 'मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनची "कवचे" आहेत, शिकवणीचे सर मात्र "कक्षा" म्हणतात. बरोबर काय?'

परीक्षेत कवच लिहा, मार्क मिळतील. के, एल, एम, एन ही कवचे, त्यांत जास्तीत जास्त २, ८, १८, ३२ इलेक्ट्रॉन मावतात, सोडियमचे संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १. संपले.

'शेवटच्या कक्षेवर एक इलेक्ट्रॉन बसतो' हे वाक्य मीही ऐकत आलो आहे आणि दर वेळी माझे डोके उठते. कक्षा ही फिरायची वाट. वाटेवर बसतो कोण? शिवाय ती ठरीव वाट नील्स बोर यांनी १९१३ साली कल्पिली, आणि १९२६ साली श्रोडिंजर यांचे समीकरण आल्यावर ती पुसलीही गेली. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच आता सांगता येते. शिकवण्यांमधली सूर्यमाला मात्र अजून फिरतेच आहे.

पण शब्द म्हणून 'कक्षा'ला हात लावाल तर खबरदार! मूळ संस्कृत 'कक्ष' म्हणजे चक्क काख. आपली काख त्याचीच लेक. त्याच घरातली 'कक्ष्या' म्हणजे हत्तीच्या पोटाला आवळायचा पट्टा. माझे मत असे की काखेखालून अंगाला वेढणारे ते कक्ष्या, आणि तो वेढाच पुढे आकाशात जाऊन ग्रहांची कक्षा झाला. 'काखेत कळसा, गावाला वळसा' म्हणणारीने एका दमात या शब्दाची दोन्ही टोके गाठली आहेत, तिला ठाऊक नसेल एवढेच.

कक्ष्येचा आणखी एक अर्थ माझा सर्वांत लाडका: राजवाड्यातला चौक. वाल्मीकींचा राम दशरथाला भेटायला निघतो तेव्हा धनुर्धरांनी राखलेल्या तीन कक्ष्या रथातून ओलांडतो आणि पुढच्या दोन पायी. एकात एक चौक, मधोमध राजा. अणूचे याहून चांगले चित्र कोणी काढून दाखवावे!

यावर परिभाषावाले म्हणतात, 'अंड्याचे असते तसे कवच, सोपा शब्द आहे.' अहो, अंड्याला कवच एकच. सोडियमला तीन, तीही एकात एक. आणि कवच राखण करते. सोडियमचे बाहेरचे कवच क्लोरीन दिसताच आपला एकुलता इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होते. कर्णानेसुद्धा इंद्राने मागितल्यावर दिले होते. राखण करतात ते आतले दहा; केंद्रकाची ओढ ते बाहेरच्यापर्यंत पुरती पोचू देत नाहीत. म्हणजे कवच हे नाव शोभते ते आतल्यांना.

बाकी चौकांची मोजणी 'के'पासून का, हे त्या मुलीने सरांना जरूर विचारावे. क्ष-किरणांच्या दोन मालिकांना ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बार्क्ला यांनी आधी ए-बी अशी अक्षरे दिली होती. १९११ साली ती बदलून के आणि एल केली, आणि तीच पुढे कवचांना चिकटली. न जाणो, आत आणखी एखादा चौक निघाला तर अक्षर हाताशी असावे! तसा चौक निघाला नाही. ए ते जे ही दहा अक्षरे अजून रिकामीच आहेत.