पर डेवर वीस वर्षांचा हप्ता?

प्रश्न : मी ३७ वर्षांचा आहे. गेली अडीच वर्षं एका मराठी विनोदी मालिकेत सोसायटीच्या सेक्रेटरीची भूमिका करतोय. पर डे (दिवसाचं मानधन) १० हजार, महिन्याला साधारण २० दिवस. नाटकाच्या नाईट (दर प्रयोगाचं मानधन) आणि गणपती-नवरात्रातल्या सुपाऱ्या (पैसे घेऊन केलेले कार्यक्रम) धरून वर्षाला आणखी तीन लाख. पत्नी फिजिओथेरपिस्ट आहे, ३५ हजार कमावते. मुलगी चार वर्षांची. घरभाडं २६ हजार, बाकी खर्च ६५ हजार. शिल्लक २६ लाख. दहिसरला ९२ लाखांचा रीसेल टू बीएचके पाहिलाय, बँक ७० लाख द्यायला तयार आहे. अलीकडे मालिकेची वेळ आठवरून साडेसहावर आणली, पण टीआरपी बरा आहे. एजंट अक्षय्य तृतीयेला दोन लाख टोकन मागतोय. देऊ का?

उत्तर : देऊ नका. निदान या घरासाठी नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून टाकलंय. आठची मालिका साडेसहाला येते तेव्हा वाहिनीने आठच्या जागेसाठी दुसरं काहीतरी ठरवलेलं असतं. साडेसहालाही मालिका वर्षानुवर्षं चालतात, ते खरं. पण दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांकडे आता सेटवर सगळेच जरा जास्त काळजीने बघत असतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पत्रात पुढे तुम्ही 'तारक मेहता'चं उदाहरण दिलंय. ती मालिका जुलै २००८ पासून चालू आहे, मान्य. पण 'साराभाई वर्सेस साराभाई' २००४ मध्ये सुरू झाली आणि २००६ मध्ये बंदही झाली. लोक आजही तिचे संवाद म्हणतात, म्हणून त्यातल्या कलाकारांना पुढची वीस वर्षं पर डे मिळाला असं नाही. आपल्याकडच्या करारांत पुनःप्रक्षेपणाचे हक्क साधारणपणे निर्मात्याकडे आणि वाहिनीकडेच जातात. तुमच्या करारात काही वेगळं असेल तर जरूर कळवा, मला आनंदच होईल.

बँकेने तुमचे गेल्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न पाहिले आणि ती वर्षं चांगली होती. मी आठ वर्षं पाहतो. तुम्हीच लिहिलंय : पहिली मालिका ११ महिने, दुसरी ७ महिन्यांत गुंडाळली, मग सलग १४ महिने काही नाही, आणि आता ही ३० महिने. म्हणजे ९६ महिन्यांपैकी ४८ महिने मालिका होती. बरोबर निम्मे. आजचाच दर सगळीकडे धरला तरी वर्षाला २४ नव्हे, १२ लाख येतात. नाटक-सुपारीचे तीन मिळवून १५. महिन्याला सव्वा लाख, तोही कर आणि खर्च जायच्या आधी. घराचा विचार या सव्वा लाखावर करायचा.

७० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं : हप्ता ६० हजार ७०० च्या आसपास. व्याजच ७५ लाखांवर जातं. मालिका चालू असताना हा हप्ता तुम्हाला जड जाणार नाही, म्हणूनच तो फसवा आहे. त्या १४ महिन्यांसारखा काळ परत आला तर? घरखर्च ६५ हजार अधिक हप्ता, वजा पत्नीचे ३५ हजार. दरमहा ९० हजारांची तूट, १४ महिन्यांत पावणेतेरा लाख. थोडं नाटक भरून काढेल, पण तेव्हा हाताशी शिल्लक किती असेल? २२ लाख डाउन पेमेंट, ६ टक्क्यांनी साडेपाच लाख मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी. झाले पावणेअठ्ठावीस लाख. तुमच्याकडे आहेत २६. एजंटची दलाली आणि रंगरंगोटी मी अजून धरलेलीच नाही. (घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो. एजंट हे सांगेलच, पण एक टक्क्याने घर स्वस्त होत नाही.)

आणखी एक गोष्ट तुमच्या धंद्यातल्या लोकांनाही पटकन लक्षात येत नाही. पैसे ९० दिवसांनी येतात. त्यामुळे मालिका बंद झाली तरी तीन महिने खात्यात पैसे पडत राहतात आणि माणूस निर्धास्त असतो. खरी चणचण चौथ्या महिन्यात सुरू होते. मग नवीन मालिका मिळते, पेढे वाटले जातात, आणि तिचा पहिला चेक पुन्हा चौथ्या महिन्यात. कोरडे महिने पुढे सरकतात, कमी होत नाहीत. माझ्याकडे एक चरित्र अभिनेते येतात. मार्च २०२० मध्ये शूटिंग थांबलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, माझे जानेवारीचे पैसे अजून यायचेत, काही काळजी नाही." जूनमध्ये त्यांनी हप्त्याला स्थगिती घेतली. ऑगस्टमध्ये स्थगिती संपली तेव्हा न भरलेल्या महिन्यांचं व्याज मुद्दलात जमा झालेलं होतं. बँकेचा तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आता जरा अवघड विषय. तुमच्या पत्रात टीडीएस आहे, जीएसटी कुठेच नाही. दहा टक्के कापून पैसे येतात म्हणजे कराचं काम झालं, असं तुम्ही धरून चालला आहात असं दिसतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि दर १८ टक्के. तुमची उलाढाल २७ लाख आहे. नोंदणी केलेली नसेल आणि करारात 'जीएसटी वेगळा' असं कलम नसेल, तर तो कर तुमच्या पर डेतूनच गेला असं धरलं जाईल. ढोबळ हिशेब : अडीच वर्षांत मालिकेचे ६० लाख, त्यातले सुरुवातीचे २० सोडले तर ४० लाखांवर सहा लाखांच्या घरात कर, व्याज आणि दंड वेगळा. म्हणजे तुमच्या २६ लाखांतले पाच-सहा लाख कदाचित तुमचे नाहीतच. नोंदणी केलेली असेल तर हा परिच्छेद विसरा. नसेल तर टोकनच्या आधी सीए गाठा. निर्मात्याला या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे पुढच्या बिलांवर तो वेगळा द्यायला बहुतेक निर्माते तयार होतात. मागच्या बिलांचं मात्र अवघड असतं.

घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. भाड्याच्या घरात मूल वाढवताना दर ११ महिन्यांनी काय होतं ते मी स्वतः अनुभवलंय. पण तुमच्या खिशाला झेपणारा हप्ता म्हणजे तुमच्या आजच्या भाड्याच्या जवळपास जाणारा. ३५ लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता ३० हजार ४०० होतो. पडत्या काळात पत्नीच्या पगारातून तो निघेल, घरखर्च नाटकातून आणि ठेवीतून भागेल. यात ५० लाखांच्या आसपासचा वन बीएचके बसतो, नायगाव-वसईकडे. पार्ल्याच्या नाट्यगृहातून रात्री साडेबाराला तिथे परतणं त्रासाचं आहे, कबूल. पण सध्याचा सेट घोडबंदरला आहे म्हणून दहिसर, हा तुमचा मुद्दा मला पटला नाही. पुढची मालिका फिल्मसिटीत असेल, नाहीतर थेट कोल्हापूर-साताऱ्यात. हल्ली तिकडेही वर्ष-दीड वर्षाचा मुक्काम पडतो.

आणि हेसुद्धा आज नको. त्या घरालाही हातचे १८-१९ लाख जातील. जीएसटी चुकवून आणि आठ लाख बेकारीच्या महिन्यांसाठी मुदत ठेवीत बाजूला टाकून तुमच्याकडे १२ उरतात. मालिका आणखी वर्षभर चालली तर तुम्ही सध्या महिन्याला बाजूला टाकता त्या ८० हजारांतून ही सात लाखांची तूट भरून निघेल. वर्षाच्या आत मालिका बंद पडली, तर घर घेतलं नाही याचं तुम्हाला बरंच वाटेल. दरम्यान आरोग्य विमा स्वतःच्या नावावर काढा, तुम्हाला कुठल्याच कंपनीचा ग्रुप विमा नाही. टर्म प्लॅन दीड कोटीपर्यंतचा बघा.

नाटकाच्या तारखा मालिकेसाठी सोडू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. सोडू नका. नाईटचे पैसे कमी असतील, पण ते त्याच आठवड्यात हातात येतात आणि त्या १४ महिन्यांत तुम्हाला तारलं ते नाटकानेच. करारात दुसऱ्या वाहिनीवर काम न करण्याची अट असते, तशी ती रंगभूमीलाही लागू आहे का, एवढं मात्र वाचून घ्या.

एजंटला आजच फोन करून नाही सांगा. मला दोन कागद पाठवा : कराराचं मानधनाचं पान आणि प्रॉडक्शनच्या अकाउंटंटकडून येणे रकमेची यादी, महिन्यानुसार. त्या यादीत ९० दिवसांपेक्षा जुनी रक्कम दिसली, तर वर मांडलेला सगळा हिशेब मला नव्याने करावा लागेल.