उंदराचे औषध मुलाच्या तोंडात गेले, तर...

प्रश्न : माझी दोन वर्षांची मुलगी उंदरांसाठी कपाटामागे ठेवलेली निळी वडी हातात घेऊन बसलेली दिसली. वडीचा कोपरा कुरतडलेला होता आणि तिच्या ओठांवर निळा चुरा होता. दूध पाजून उलटी करवा, असे घरातील मोठी माणसे सांगत होती. पण आम्ही तिला तसेच रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी वडीचे पाकीट पाहिले, मुलीला तपासले आणि रक्ताची तपासणी दोन दिवसांनी करू, असे सांगून घरी पाठवले. तपासणी निर्दोष आली. तरी विषाची शंका असताना दोन दिवस थांबणे योग्य होते का? आणि उलटी करवली असती, तर काय बिघडले असते?

उत्तर : थांबणे योग्यच होते, आणि त्याचे कारण त्या पाकिटावर छापलेले असणार. अशा वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडिओलोन किंवा ब्रोडिफॅकूम असते. (वडीच्या रंगावरून मात्र विष ओळखू नये, एकाच रंगात निरनिराळी रसायने विकली जातात.) रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटक यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार करते, आणि हे विष नेमके ते काम अडवते. आधीच रक्तात असलेल्या घटकांना ते धक्का लावत नाही. त्यामुळे तो साठा संपेपर्यंत मूल हसतखेळत असते आणि पहिल्या काही तासांत केलेली तपासणीही फसवी ठरते. म्हणूनच रक्त गोठण्याची ‘आयएनआर’ ही तपासणी साधारण 48 तासांनी करतात. केवळ खबरदारी म्हणून ‘के’ जीवनसत्त्व आधीच दिले, तर हा निष्कर्षही झाकला जातो.

वडीत विषाचे प्रमाण बहुधा 0.005 टक्के, म्हणजे एका ग्रॅममध्ये 0.05 मिलिग्रॅम असते, त्यामुळे लहान मुलाने एकदाच कोपरा चाखला तर सहसा रक्तस्राव होत नाही. अधिक किंवा वारंवार खाल्ले असल्यास हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, न पडता-झडता अंगावर काळेनिळे डाग उठणे, लघवी लाल किंवा शौचास काळी होणे ही लक्षणे दिसतात. तेव्हा ‘के-1’ जीवनसत्त्व द्यावे लागते आणि ते कित्येक आठवडे, क्वचित महिनेही चालू ठेवावे लागते, कारण हे विष यकृतात फार काळ टिकून राहते.

मात्र पाकिटावर दुसरे नाव असते, तर तुम्हाला घरी पाठवले नसते. ट्यूबमधून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेला, की प्रथम उलट्या व पोटदुखी होते, मग एक ते तीन दिवस मूल सावरल्यासारखे दिसते आणि त्यानंतर कावीळ, गुंगी व रक्तस्राव यांसह यकृत निकामी होऊ लागते. मधल्या या उताराच्या काळातच पालक घरी जाण्याचा आग्रह धरतात, आणि तो डॉक्टरांनी मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषावर नेमका उतारा नाही. अनेक ठिकाणी यकृताला आधार म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध देतात आणि यकृत सावरलेच नाही, तर प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. झिंक फॉस्फाइडची करडी-काळी भुकटी याहून लवकर घात करते : जठरातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन वायू तयार होतो आणि काही तासांत उलट्या, धाप, रक्तदाब घसरणे सुरू होते. अशा मुलाच्या उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि तो वायू जवळच्यांनाही बाधतो. म्हणून खिडक्या उघडाव्यात.

उलटी करवणे कोणत्याही प्रकारात नको. उलटीतील अंश श्वासनलिकेत जाऊ शकतो, उलटीसाठी पाजलेल्या मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातील सोडियम घातक पातळीवर जाऊ शकते, आणि फॉस्फरस स्निग्ध पदार्थांत विरघळत असल्यामुळे दूध किंवा तेल दिल्यास तो अधिक शोषला जाण्याची भीती असते. ओल्या कापडाने तोंडातील चुरा काढावा, हात-तोंड धुवावे, माखलेले कपडे बदलावेत आणि पाकीट व उरलेली वडी घेऊन निघावे. मूल गुंगीत असेल, त्याला आकडी किंवा धाप असेल, तर तोंडाने काहीही न देता रुग्णवाहिका बोलवावी. सक्रिय कोळसा (पोटातील विष धरून ठेवणारी भुकटी) द्यायचा की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. त्याचा उपयोग मुख्यतः पहिल्या तासाभरात होतो.

सुट्टे घेतलेले किंवा दुसऱ्या डबीत काढून ठेवलेले विष ओळखता आले नाही, तर डॉक्टरांना सर्वांत वाईट शक्यता धरून मुलाला काही दिवस दाखल ठेवावे लागते आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.