नवा माणूस आलाच नाही तर?

मित्रा, माणसं जोडून पैसे वाढवून देणाऱ्या योजनेत शिरताना ॲपवर रोज वाढणारा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस. तो योजनावाल्यांनीच टाकलेला असतो. पहिले दोन-चार हप्ते वेळेवर येतीलही. मलाही आले होते, आणि त्याच जोरावर मी मेव्हण्याला ओढलं. (आजही तो लग्नकार्यात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.)

त्यांना एकच प्रश्न विचार: नवा माणूस आलाच नाही, तर माझा परतावा कुठून देणार? उत्तर गुळमुळीत आलं, की उठ तिथून. प्रत्येकाने पाच जण आणायचे म्हटलं, तर तेराव्या पायरीला १२२ कोटी माणसं लागतात. आणायची कुठून?

मुंबईत दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या शोरूममध्ये मोइसनाइटचे (हिऱ्यासारखे दिसणारे) खडे हातात देऊन दर आठवड्याला परतावा आणि माणसं आणल्यास बोनस कबूल केला होता. जानेवारी २०२५ मध्ये लोक बंद शोरूमबाहेर उभे होते.

कंपनीचं नोंदणीपत्र दाखवतील. त्याने कंपनी आहे एवढंच कळतं, ठेवी घ्यायची परवानगी वेगळी असते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नोंदणीकृतांच्या यादीत आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या वेबसाइटवर नाव शोध. पैसे काढताना 'आधी टॅक्स भरा' म्हणाले, तर रुपयाही देऊ नकोस. स्क्रीनशॉट ठेव आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.