पीककर्जावर अटलांटिक? गुरुजी, थांबा

प्रश्न थोडक्यात असा : दारव्हा तालुक्यातले निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, वय ६१. पेन्शन ३८ हजार, बारा एकर कोरडवाहू वावर. निवृत्तीचे २२ लाख सव्वादोन वर्षांपूर्वी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले, शिवाय पाच लाखांची एफडी. मुलाने मुंबई-लक्षद्वीप क्रूझ घडवली, तेव्हा जहाज कुठेच न थांबता चाललं तो दिवस यांना सगळ्यांत आवडला. आता अटलांटिक ओलांडणारी क्रूझ हवी : स्पेनमधल्या बार्सिलोनाहून अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या मायामीला, ऑक्टोबरअखेर, १४ रात्री, त्यातले सात दिवस सलग समुद्र. विमानासह माणशी २ लाख ६० हजार. योजना मोडू की शून्य टक्क्याचं पीककर्ज वापरू?

गुरुजी, नमस्कार.

पीककर्जाचं नावही काढू नका. तीन लाखांपर्यंतचा शून्य टक्का वेळेत फेडणाऱ्यालाच मिळतो. मुदत चुकली की सवलत गेली, आणि पुढच्या जूनमध्ये बियाण्या-खतासाठी पुन्हा हात पसरायची वेळ.

पोस्टाची योजनाही मोडू नका. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं झाली म्हणून कपात एक टक्का, म्हणजे २२ हजार. खरा तोटा पुढे आहे : ८.२ टक्क्याने दर तिमाहीला येणारे ४५,१०० रुपये बंद. घर पेन्शनवर चालतं असं तुम्हीच लिहिलंय. मग हेच व्याज वेगळ्या खात्यात साठू द्या. दोन वर्षांत ३,६०,८०० होतात. एफडीतले दोन लाख घ्या, तीन लाख दवाखान्यासाठी राहू द्या. उरलेले नव्वदेक हजार तुरीच्या चुकाऱ्यातून.

म्हणजे मी साडेसहा लाख धरतोय, एजंटचे ५ लाख २० हजार नव्हे. जहाजावर सेवाशुल्क माणशी रोज १६ ते २० डॉलर लागतं, दोघांचे चाळीस-पन्नास हजार तिथेच. वर अमेरिकेचा आणि स्पेनसाठी युरोपचा शेंगेन असे दोन व्हिसा, मुंबईचा मुक्काम आणि विमा. विमा स्वस्तातला घेऊ नका. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं, आणि भर समुद्रातून रुग्णाला हलवायची वेळ आली तर तो खर्च पॉलिसीत आहे का, हे वाचून घ्या. टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा कर, कोटेशनमध्ये धरलाय का तेही विचारा. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण आधी खिशातून जातो.

तुमच्या आवडीचा एक फायदा मात्र आहे. मोसम बदलताना कंपन्यांना जहाजं अटलांटिकपार न्यावीच लागतात. बंदरं कमी म्हणून गर्दी कमी, आणि दर रात्रीचं भाडं बहुधा उतरलेलं. किनाऱ्यावरच्या सहलींचा खर्चही वाचतो.

पण ऑक्टोबरअखेर? सोयाबीन नुकतं निघालेलं, कापूस फुटलेला, वेचणीला बाया मिळत नाहीत, आणि मालक समुद्रात! दोन वर्षांनंतरच्या एप्रिलची फेरी बघा. तेव्हा जहाजं फ्लोरिडाहून स्पेनकडे परततात. वावर मोकळं असतं, दोन वर्षांची साठवणही तोवर जमते. एक उणं आहे : पूर्वेकडे येताना घड्याळ एकूण सहा तास पुढे जातं, म्हणजे पाच-सहा रात्री तासभर झोप कमी. ऑक्टोबरच्या फेरीत उलट, तेवढे दिवस पंचवीस तासांचे मिळतात. तुमच्यासारख्याला तेच हवं असणार, पण कापूस थांबत नाही.

राहता राहिल्या काकू. ‘सात दिवस नुसतं पाणी पाहून काय करायचं,’ असं त्या म्हणतात आणि तुम्ही एकट्याने जायचं मनात आणताय. त्याने खर्च निम्मा होणार नाही. खोलीचं भाडं दोघांचं धरलेलं असतं, एकट्याला बरेचदा जवळजवळ दुप्पट पडतं. त्यांना राजी करा, नाहीतर बाल्कनीऐवजी आतली खोली घ्या. डेक सगळ्यांना सारखाच मोकळा असतो.

एजंटला सध्या एवढंच कळवा : एप्रिलचे दर पाठव, आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत मिळणारी अनामत सोडून एक रुपया देणार नाही.